सीमेवरची हालचाल कशी वाचायची: दबाव, तयारी आणि प्रत्यक्ष कारवाई

प्रश्न असा आहे: भारत-पाकिस्तान तणाव वाढला की क्षेपणास्त्र चाचण्या, हवाई हद्द बंद केल्याच्या सूचना, रणगाड्यांनी भरलेल्या मालगाड्यांचे व्हिडिओ आणि नेत्यांची भाषणे यांचा एकदमच भडिमार सुरू होतो. यातले खऱ्या तयारीचे लक्षण कोणते आणि नुसता दबाव कोणता, हे लष्करात नसलेल्या माणसाने कसे ओळखायचे?

थोडक्यात सांगायचे तर, दाखवण्यासाठी केलेली हालचाल स्वस्त असते आणि एका दिवसात मागे घेता येते. लढण्यासाठी केलेली हालचाल महाग असते, तिला वेळ लागतो आणि ती कॅमेऱ्यात फारशी देखणी दिसत नाही. दारूगोळा, डिझेल, पुलाचे साहित्य, रक्ताच्या पिशव्या, सुरुंग या गोष्टी हलू लागल्या की प्रकरण गंभीर आहे असे समजावे. मात्र 2016 पासून ही कसोटी अर्धीच लागू पडते, कारण मर्यादित हल्ल्यासाठी आता मोठी जमवाजमव लागतच नाही. हा बदल समजून घेतल्याशिवाय बातम्या वाचण्यात अर्थ नाही, म्हणून आधी जुने गणित आणि मग नवे, असे मांडतो.

जुने गणित रेल्वेचे आहे. भारताच्या तीन आक्रमक कोअरची, म्हणजे अनेक डिव्हिजन मिळून झालेल्या मोठ्या सैन्यदळांची, मुख्यालये मथुरा, अंबाला आणि भोपाळ येथे आहेत. मथुरा आणि भोपाळ तर सीमेपासून शेकडो किलोमीटर आत. रणगाडा एवढे अंतर स्वतःच्या पट्ट्यांवर चालवत नेत नाहीत. पट्टे, रोलर आणि इंजिन यांचे आयुष्य त्यातच खर्ची पडते आणि लढाईच्या जागी पोहोचेपर्यंत निम्मी रेजिमेंट दुरुस्तीला लागते. त्यामुळे रणगाडे सपाट वॅगनवर चढवावे लागतात. एका रेजिमेंटमध्ये साधारण 45 रणगाडे, शिवाय ट्रक, दुरुस्ती गाड्या, रुग्णवाहिका आणि पाण्याचे टँकर. अख्खी चिलखती डिव्हिजन हलवायची तर खास लष्करी गाड्या डझनांनी सोडाव्या लागतात आणि त्यासाठी मालवाहतुकीचे वेळापत्रक विस्कटते. ही गोष्ट कुणालाच लपवता येत नाही. पण नुसते रणगाडे पुढे गेले म्हणून लढाई होईल असेही नाही. वाळवंटातल्या सरावासाठी दर हिवाळ्यात हेच घडते.

म्हणून रणगाड्यांच्या मागून काय येते ते पाहायचे. टी-72 रणगाड्याच्या टाक्यांत सुमारे 1,200 लिटर डिझेल मावते. 45 रणगाडे एकदा भरायचे म्हणजे 54,000 लिटर, आणि हे फक्त एका रेजिमेंटचे, एका भरण्याचे. तोफखान्याचा हिशोब याहून बोलका आहे. 155 मिलिमीटरचा एक गोळा साधारण 45 किलोचा. एका रेजिमेंटमध्ये 18 तोफा. प्रत्येक तोफेने दिवसाला 100 गोळे डागायचे ठरवले तर नुसत्या गोळ्यांचेच 80 टन होतात. त्यांचे चार्ज आणि फ्यूज वेगळे. सरावाला एवढा साठा लागत नाही, तिथे मोजके गोळे पुरतात. त्यामुळे मागच्या डेपोंमधून दारूगोळ्याच्या गाड्या सलग सुटू लागणे आणि पुढे तात्पुरते साठे उभे राहणे हे रणगाड्यांच्या शंभर व्हिडिओंपेक्षा महत्त्वाचे. महाराष्ट्राचा इथे थेट संबंध आहे. वर्धा जिल्ह्यातला पुलगावचा केंद्रीय दारूगोळा डेपो हा देशातल्या सर्वांत मोठ्या डेपोंपैकी एक आहे, आणि सीमेवरच्या तोफेची भूक अखेर अशाच ठिकाणांहून भागते.

पुलांचे साहित्य हे दुसरे मोठे लक्षण. पंजाबच्या सीमेवर दोन्ही बाजूंनी कालवे आणि त्यांना लागून उंच बांध घातलेले आहेत, ते मुद्दाम रणगाड्यांना अडवण्यासाठीच. ते ओलांडायचे तर पूल टाकणाऱ्या तुकड्या सर्वांत पुढे हव्यात. बचावात बसलेल्या सैन्याला त्यांची एवढी घाई नसते. उलट सुरुंग पेरणे हे बचावाचे लक्षण आहे, कारण स्वतः पेरलेल्या पट्ट्यातून स्वतःलाच पुढे जाणे अवघड होते. बातमीत 'सुरुंग पेरले' असे वाचले की लोक घाबरतात, पण त्याचा अर्थ बहुधा 'समोरून हल्ला येईल अशी भीती आहे' असा असतो.

वैद्यकीय तयारी तर सहसा कुणी पाहतच नाही. सीमेजवळच्या नागरी रुग्णालयांत खाटा रिकाम्या ठेवायला सांगणे, डॉक्टरांच्या रजा रद्द करणे, रक्तपेढ्यांचा साठा वाढवणे, छतावर लाल क्रॉस रंगवणे. नुसत्या दिखाव्यासाठी कोणतेही सरकार एवढा त्रास घेत नाही. त्यातही रक्त अनिश्चित काळ साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे ते गोळा करण्याची वेळच काही सांगून जाते.

ऋतूही विसरू नये. भाताच्या लागवडीपासून कापणीपर्यंत पंजाबच्या शेतांत चिखल असतो आणि रणगाडे रुततात. एप्रिलमध्ये गहू निघाला की जमीन मोकळी आणि कडक होते. एप्रिल 2025 मध्ये काटेरी कुंपणापलीकडे शेती असलेल्या पंजाबच्या शेतकऱ्यांना कापणी लवकर उरकून घ्यायला सांगितले गेले. उभ्या पिकात माणूस लपतो आणि टेहळणीला अडथळा होतो, म्हणून असे करतात. हे सावधगिरीचे पाऊल होते, पण दखल घेण्याजोगे.

आता या सगळ्यात घोटाळा कुठे होतो? दोन्ही देशांच्या भूगोलात मोठी तफावत आहे. लाहोर, सियालकोट, गुजरांवाला, बहावलपूर या पाकिस्तानच्या छावण्या सीमेपासून जवळ आहेत आणि त्यांच्या तुकड्या फार लवकर मोर्च्यावर येतात. भारताची आक्रमक दळे लांब असल्याने भारताला लवकर सुरुवात करावी लागते. भारताने सुरुवात केली की पाकिस्तानला ती हल्ल्याची तयारी वाटते आणि तो आपली राखीव दळे पुढे आणतो. ती जवळच असल्याने दोन-तीन दिवसांत सीमेवर येतात आणि मग भारताला वाटते की आपली गाडी अजून स्टेशनात आहे आणि शत्रू दारात आला. दोघेही आपल्या परीने बचावच करत असतात, तरी दोघांनाही समोरचा चालून येतोय असे दिसते.

याचे सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण म्हणजे 1986-87 चा 'ब्रासटॅक्स' सराव. जनरल कृष्णस्वामी सुंदरजी लष्करप्रमुख होते. राजस्थानात एवढ्या प्रचंड प्रमाणावर सराव मांडला गेला की पाकिस्तानला त्याचा शेवट सिंधवरच्या हल्ल्यात होईल असे वाटू लागले. पाकिस्तानचेही सराव चालू होते. ते संपल्यावर त्यांची दोन राखीव दळे बराकीत परतण्याऐवजी पुढेच राहिली, आणि उत्तरेकडचे दळ पाकिस्तानी पंजाबातल्या शकरगढच्या भागाकडे सरकले. पंजाबमध्ये तेव्हा खलिस्तानी दहशतवाद पेटलेला होता. दिल्लीला दिसले ते असे की ही दोन दळे दोन बाजूंनी आत शिरली तर पंजाब आणि काश्मीरकडे जाणारे रस्ते तुटतील. जानेवारी 1987 च्या उत्तरार्धात भारताने सैन्याला सज्जतेचा आदेश दिला आणि पंजाबात तुकड्या विमानांनी उतरवल्या.

लक्षात घ्या, तेव्हा दोन्ही देशांच्या लष्करी कारवाई महासंचालकांमध्ये, म्हणजे डीजीएमओंमध्ये, थेट फोन होता. 1971 च्या युद्धानंतरच ती सोय झाली होती. पण सरावाची व्याप्ती, संपण्याची तारीख आणि दळांची नेमकी जागा याबद्दल जे सांगितले जात होते त्यावर समोरच्याचा विश्वास नव्हता. तार शाबूत होती, तिच्यावरचे बोलणे खरे मानायला कुणी तयार नव्हते. शेवटी दोन्ही परराष्ट्र खात्यांचे अधिकारी दिल्लीत बसले आणि 4 फेब्रुवारी 1987 रोजी टप्प्याटप्प्याने माघारीचा करार झाला, सुरुवात रावी आणि चिनाब यांच्या मधल्या भागापासून. त्याच महिन्यात जनरल झिया उल हक कसोटी सामना पाहायला जयपूरला आले. क्रिकेट मुत्सद्देगिरी म्हणून लोकांच्या लक्षात ती भेट राहिली. सैन्य मागे घेण्याचे किचकट काम मात्र नकाशे आणि तारखा घेऊन बसलेल्या अधिकाऱ्यांनी केले, आणि श्रेयाचा मोठा वाटा त्यांचा आहे असे मला ठामपणे वाटते.

ब्रासटॅक्सच्या धड्यातून, आणि 1990 साली काश्मीरवरून पुन्हा तणाव चढल्यावर, 6 एप्रिल 1991 रोजी दोन करार झाले. बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाने यातले आकडे लक्षात ठेवावेत, कारण कोणता सराव नेहमीचा आणि कोणता नाही हे त्यांवरून ठरवता येते. पहिला करार सरावांच्या पूर्वसूचनेचा. मोठ्या हवाई सरावाची सूचना 15 दिवस आधी, डिव्हिजन पातळीवरच्या सरावाची 30 दिवस आधी, कोअर पातळीची 60 आणि त्याहून मोठ्या सरावाची 90 दिवस आधी लेखी द्यायची. सीमेपासून 5 किलोमीटरच्या आत सराव नको, आणि कोअर पातळीचा असेल तर तो 45 किलोमीटर दूर हवा. समुद्रात एकमेकांच्या युद्धनौकांनी 3 सागरी मैलांपेक्षा जवळ यायचे नाही, हेही त्यातच आहे. दुसरा करार हवाई हद्दीचा. लढाऊ विमानांनी परक्या हद्दीपासून 10 किलोमीटर लांब राहायचे. लढाऊ या शब्दात टेहळणी विमाने, जेट प्रशिक्षण विमाने आणि सशस्त्र हेलिकॉप्टरही मोडतात. निःशस्त्र वाहतूक विमानांना 1,000 मीटरपर्यंत जाता येते.

करार असून काय बिघडते, तेही पाहा. 10 ऑगस्ट 1999 रोजी, कारगिलची लढाई थांबून जेमतेम दोन आठवडे झाले असताना, कच्छच्या सीमेवर भारतीय मिग-21 ने पाकिस्तानी नौदलाचे ॲटलांटिक विमान पाडले आणि त्यातले 16 जण ठार झाले. विमान नेमके कुणाच्या हद्दीत होते यावरून वाद झाला, पण टेहळणी विमानाने एवढ्या तापलेल्या दिवसांत 10 किलोमीटरच्या पट्ट्यात यायलाच नको होते, ही भारताची भूमिका त्याच करारावर उभी होती. जून 2011 मध्ये एडनच्या आखातात 'पीएनएस बाबर' ही नौका 'आयएनएस गोदावरी'ला घासून गेली, तेव्हाही भारताने निषेध नोंदवताना 1991 च्या कराराचा दाखला दिला. म्हणजे हे कागद अपघात पूर्णपणे टाळत नाहीत. पण घटना घडल्यावर 'तुम्ही ठरलेली रेषा ओलांडली' असे म्हणायला निश्चित जागा देतात, आणि तेवढ्यानेही भांडण गोळीबाराऐवजी निषेधपत्रावर थांबू शकते.

क्षेपणास्त्रांसाठी 3 ऑक्टोबर 2005 चा वेगळा करार आहे. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची सूचना किमान 3 दिवस आधी, आणि चाचणीसाठी 5 दिवसांची मुदत. डागण्याची जागा सीमेपासून वा ताबारेषेपासून 40 किलोमीटरच्या आत नको, पडण्याची जागा 70 किलोमीटरच्या आत नको. म्हणून 'पाकिस्तानने क्षेपणास्त्र डागले' अशी ठळक बातमी आली की आधी विचारायचे: सूचना दिली होती का? दिली असेल तर तो संदेश आहे, हल्ला नव्हे. मात्र या करारात क्रूझ, म्हणजे विमानासारखी खालून उडत जाणारी, क्षेपणास्त्रे येत नाहीत आणि ड्रोनही येत नाहीत. ही त्यातली मोठी फट. 9 मार्च 2022 रोजी भारताचे एक क्रूझ क्षेपणास्त्र देखभालीच्या कामात चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडले. त्यावर स्फोटके नव्हती, माणूस दगावला नाही, आणि काळही तुलनेने शांत होता. भारताचे जाहीर निवेदन 11 मार्चला आले आणि पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. हेच मे 2025 च्या एखाद्या रात्री घडले असते तर खुलाशाची वाट कुणी पाहिली नसती.

पूर्ण जमवाजमव करून न लढण्याचे मोठे उदाहरण म्हणजे 'ऑपरेशन पराक्रम'. 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला, आठवड्याच्या आत सैन्य हलवण्याचा आदेश निघाला, पण आक्रमक दळे जागेवर पोहोचायला तीन आठवड्यांच्या आसपास लागले. तोवर पाकिस्तान सावध झाला होता, अमेरिकेचा दबाव सुरू झाला होता आणि 12 जानेवारी 2002 रोजी जनरल मुशर्रफ यांनी दहशतवादी संघटनांवर बंदी जाहीर करणारे भाषण केले होते. मे महिन्यात जम्मूजवळच्या कालूचकच्या हल्ल्यानंतर पुन्हा वातावरण तापले, पण लढाई झाली नाही. 16 ऑक्टोबर 2002 ला आंतरराष्ट्रीय सीमेवरून सैन्य मागे घेण्याचा निर्णय झाला. दहा महिने लाखो जवान मोर्च्यावर बसले होते. लढाई न होताही सुरुंग पेरताना आणि काढताना, अपघातांत आणि आजारांत शेकडो जवान गेले, आणि सीमेलगतच्या शेतकऱ्यांची जमीन सुरुंगांखाली अडकून पडली. दबावाचेही जिवात मोजावे लागणारे मोल असते, हे विसरून 'एकदाचे सैन्य उभे करा' असे म्हणणाऱ्यांनी हा हिशोब समोर ठेवावा.

या अनुभवातून भारतीय लष्कराने 2004 साली छोट्या, सीमेजवळ तयार असलेल्या गटांनी लवकर घुसण्याची कल्पना मांडली. त्याला उत्तर म्हणून पाकिस्तानने 60 किलोमीटर पल्ल्याचे 'नस्र' हे अण्वस्त्रक्षम क्षेपणास्त्र आणले आणि 2011 मध्ये त्याची पहिली चाचणी घेतली. इथून जमिनीवरची मोठी चढाई दोघांसाठीही अधिक धोक्याची झाली आणि कारवाई आकाशात सरकली.

नवे गणित इथे सुरू होते. उरीचा हल्ला 18 सप्टेंबर 2016 ला, ताबारेषेपलीकडची कारवाई 11 दिवसांनी. पुलवामा 14 फेब्रुवारी 2019 ला, बालाकोट 12 दिवसांनी. पहलगाम 22 एप्रिल 2025 ला, 'ऑपरेशन सिंदूर' 15 दिवसांनी. तिन्ही वेळा आक्रमक कोअर रेल्वेवर चढल्या नाहीत. काही विमाने किंवा निवडक कमांडो पुरेसे होते. म्हणजे ज्या लक्षणांवर लोक नजर ठेवून बसले होते ती दिसण्याआधीच हल्ला होऊन गेला.

मे 2025 चा क्रम बारकाईने पाहण्याजोगा आहे. 23 एप्रिलला सिंधू जलकरार स्थगित करणे, अटारी बंद करणे, लष्करी सल्लागारांना परत पाठवणे असे निर्णय झाले. 24 ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली. त्याच दिवशी अरबी समुद्रात 'आयएनएस सुरत'ने विमानवेधी क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. 3 मे ला पाकिस्तानने 450 किलोमीटर पल्ल्याचे 'अब्दाली' आणि 5 मे ला 120 किलोमीटरचे 'फतह' डागून दाखवले. हे सगळे दाखवण्याच्या खात्यातले. भारताच्या गृह मंत्रालयाने 7 मे रोजी 244 जिल्ह्यांत नागरी संरक्षणाची रंगीत तालीम जाहीर केली. महाराष्ट्रात मुंबई, उरण आणि तारापूर सर्वांत संवेदनशील गटात होते. राजस्थान सीमेलगत 7 आणि 8 मे साठी हवाई दलाच्या सरावाचा नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची सूचनाही निघाली. बहुतेकांनी तर्क केला की जे काही व्हायचे ते तालमीनंतर. प्रत्यक्षात 7 मे उजाडण्याआधीच, रात्री 1:05 ते 1:30 या वेळात नऊ ठिकाणांवर हल्ले उरकले होते आणि तालीम दुपारी झाली. जाहीर तारखेवरून हल्ल्याची तारीख काढू नये, एवढे यातून घ्यावे. जाहीर केलेली तारीख शत्रूही वाचतो.

नोटॅम वाचायला अवघड नाही, थोडी सवय हवी. 'ए' रकान्यात हवाई क्षेत्राचा चार अक्षरी संकेत असतो: व्हीएबीएफ मुंबई, व्हीआयडीएफ दिल्ली, ओपीकेआर कराची, ओपीएलआर लाहोर. 'बी' म्हणजे सुरुवात, 'सी' म्हणजे शेवट, दोन्ही दहा आकड्यांत: वर्ष, महिना, दिनांक, तास, मिनिटे. 'डी' मध्ये रोजच्या वेळा, 'ई' मध्ये मजकूर, 'एफ' आणि 'जी' मध्ये खालची आणि वरची उंची. सगळ्यात जास्त चुका वेळेत होतात, कारण ती जागतिक वेळ असते आणि तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. मे 2025 मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले 32 विमानतळ 15 मे च्या पहाटे 5:29 पर्यंत बंद असल्याचे जाहीर झाले तेव्हा त्या विचित्र वेळेवर बरेच तर्क लढवले गेले. नोटॅममध्ये ती वेळ 2505142359 अशी पडते, म्हणजे जागतिक वेळेनुसार 14 मे चा शेवटचा मिनिट. त्यात गूढ काही नव्हते. आणि परिस्थिती निवळल्यावर ते विमानतळ 12 मे लाच खुले झाले, कारण मुदत लवकर संपवता येते.

आकार आणि उंचीही पाहावी. किनाऱ्यापासून समुद्रात जाणारा लांबट अरुंद पट्टा हा बहुधा क्षेपणास्त्र चाचणीचा असतो. सीमेला समांतर, ठरावीक उंचीचा पट्टा सरावाचा. आणि बंदी कुणासाठी आहे हे सर्वांत महत्त्वाचे. शत्रूच्या विमान कंपन्यांना बंदी हा व्यापारी दंड आहे, तो महिन्या-महिन्याने वाढवत नेता येतो. स्वतःच्या विमानांसह सगळ्यांनाच बंदी, जशी पाकिस्तानने 27 फेब्रुवारी 2019 ला घातली, म्हणजे आकाश रिकामे करून हवाई संरक्षणाला मोकळीक देणे. त्या घडीला आपले उत्पन्न बुडवून कुणी नाटक करत नाही.

समुद्राचे निकष वेगळे. युद्धनौका बंदरात बांधलेली असते तेव्हा ती सर्वांत सोपे लक्ष्य असते. त्यामुळे मुंबई किंवा कराचीतल्या नौका एकाच वेळी मोठ्या संख्येने बाहेर पडणे हे गंभीर लक्षण. 2019 मध्ये नौदलाचा मोठा सराव चालूच होता, तिथूनच नौका थेट उत्तर अरबी समुद्रात वळवल्या गेल्या. विमानवाहू नौका आणि अणुपाणबुड्या बाहेर असल्याचे नौदलाने नंतर उघडपणे सांगितले. लगेच सांगितले जाते की नंतर, तोही संदेशाचाच भाग, पण नौका आधीच तैनात असल्याने त्याला वजन होते.

तणावात सगळ्यांत आधी बळी पडते ते स्वतःच्याच माणसांना ओळखण्याचे भान. 27 फेब्रुवारी 2019 च्या सकाळी नौशेरा भागात हवाई चकमक चालू असताना श्रीनगरच्या तळावरून सुटलेल्या आपल्याच क्षेपणास्त्राने बडगामजवळ आपलेच एमआय-17 हेलिकॉप्टर पाडले. आतले सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ही मोठी चूक होती असे हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी जाहीरपणे मान्य केले. रडारवर खाली आणि सावकाश येणारा ठिपका, मित्र-शत्रू ओळखणारी यंत्रणा नीट न जुळलेली, नियंत्रण कक्षांत समन्वय कमी आणि निर्णयाला काही सेकंद. आकाशात ड्रोनांची गर्दी वाढली की ही अडचण कैक पटींनी वाढते. म्हणूनच हवाई संरक्षणाच्या तुकड्या पूर्ण सज्जतेवर असतात ते दिवस सर्वांत धोक्याचे समजावेत, दोन्ही बाजूंना लढायचे नसले तरीही.

आता व्हिडिओंबद्दल. मे 2025 मध्ये युद्धाच्या व्हिडिओ गेममधले तुकडे खऱ्या हल्ल्याचे म्हणून फिरले, आणि ते पुढे पाठवणाऱ्यांत शिकलेसवरलेले लोक होते. रणगाड्यांच्या गाडीचा व्हिडिओ आला की स्टेशनची पाटी, झाडांची पाने, लोकांचे कपडे आणि सावल्या पाहा. मे महिन्यातल्या राजस्थानात स्वेटर घातलेले लोक दिसले तर व्हिडिओ जुना. रणगाड्यांची तोंडे आणि इंजिन कुठल्या दिशेला धावते आहे तेही बघा, परतीच्या गाड्या अनेकदा 'पुढे निघाल्या' म्हणून दाखवल्या जातात. मोफत मिळणारी सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रे 10 मीटर तपशिलाची असतात. त्यांत धावपट्टी, मोठा खड्डा, नवा रस्ता दिसेल, पण रणगाडा ओळखता येणार नाही. त्यावर लाल वर्तुळ काढून 'रणगाडे' लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आणि व्हिडिओ खरा असेल तर तो मुळीच टाकू नका. मुंबईतल्या 26/11 च्या हल्ल्यात थेट प्रक्षेपणामुळे कमांडोंच्या हालचाली उघड झाल्या होत्या. 26 एप्रिल 2025 ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने लष्करी हालचालींचे थेट चित्रण टाळण्याची सूचना काढली, तिच्यात त्या हल्ल्याचाही दाखला होता. तुमच्या गावच्या फाटकावरून किती वॅगन गेल्या हे शत्रूला फुकटात सांगायचे कारण नाही.

सायरनचे एवढे पाठ करून ठेवा: वर-खाली होणारा आवाज म्हणजे धोका, एकसुरी सलग आवाज म्हणजे धोका टळला. ब्लॅकआउटमध्ये मोबाईलची टॉर्च आणि गाडीचे दिवेही मोजले जातात. त्या काळात गच्चीवर जाऊन आकाशाचे चित्रण करू नये, कारण वर फुटलेल्या क्षेपणास्त्रांचे आणि ड्रोनांचे तुकडे खाली येतातच.

तणाव निवळतोय हे ओळखायलाही हाच मार्ग, फक्त उलट क्रमाने. सर्वांत आधी दिसते ती डीजीएमओंची चर्चा. 10 मे 2025 ला दुपारी 3:35 वाजता पाकिस्तानच्या डीजीएमओंचा फोन आला आणि संध्याकाळी 5 पासून गोळीबार थांबवायचे ठरले. त्या रात्री उल्लंघन झाले, तरी 12 तारखेची ठरलेली पुढची चर्चा झाली. पहिल्या काही तासांतल्या उल्लंघनावरून करार मोडला असे ठरवू नये, खालच्या चौक्यांपर्यंत आदेश पोहोचून अंमल व्हायला वेळ लागतो. त्या चर्चेची दुसरी फेरी ठरल्या वेळी होते का, हा खरा निकष. त्यानंतर विमानतळ उघडतात, मग पुढे आणलेल्या तुकड्या परततात. दारूगोळा सर्वांत शेवटी मागे जातो. राजनैतिक आणि व्यापारी बंदी तर महिनोन् महिने राहते, कारण ती ठेवायला फार खर्च येत नाही आणि उठवली की माघार घेतल्यासारखे दिसते. अटारीचा ध्वज उतरवण्याचा कार्यक्रम मे 2025 च्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू झाला, पण फाटक बंद ठेवून आणि हस्तांदोलनाशिवाय. हवाई हद्दीची बंदीही दर महिन्याच्या 23-24 तारखेच्या आसपास पुढे ढकलली जात राहिली. पुढच्या वेळी त्या तारखा जवळ आल्या की मुदतवाढीचा नोटॅम आधी निघतो की नाही आणि दुसरी बाजू किती दिवसांत तसाच काढते, हे पाहिले तरी दोन्ही राजधान्यांचा कल बराचसा कळतो.